एलपीजी, एलएनजी आणि सीएनजीची जहाजे: फरक नेमका कुठून सुरू होतो

प्रश्न असा आहे: एलपीजी, एलएनजी आणि सीएनजी वाहून नेणारी जहाजे वेगवेगळी का असतात, आणि एकाचा माल दुसऱ्यात भरता येतो का? सगळी शेवटी 'गॅसची जहाजे'च, मग एवढा खटाटोप कशाला, असा त्यामागचा सूर आहे.

थोडक्यात उत्तर: जहाजे वेगळी आहेत कारण वायूंचे क्रांतिक तापमान वेगळे आहे. या तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही. प्रोपेनचे क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश सेल्सिअस आहे, ब्युटेनचे १५२, आणि मिथेनचे उणे ८२.६. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. एलएनजी आणि सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. म्हणजे मुंबईच्या उन्हाळ्यातही प्रोपेन नुसत्या दाबाने द्रव होऊन राहतो, मिथेन काही केल्या होत नाही. मिथेनला एक तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करा (मग तो साध्या वातावरणाच्या दाबाला द्रव राहतो), नाही तर वायू म्हणूनच २०० ते २५० बार दाबाने कोंबा. पहिला मार्ग एलएनजी, दुसरा सीएनजी. टाकीचे पोलाद, पंप, इंजिन, भरण्याची मर्यादा हे सगळे पुढे यातूनच ठरत जाते, म्हणून हे आधी पक्के करून घ्यावे.

किती जागा वाचते तेही पाहू. द्रव केल्यावर मिथेनचे आकारमान सुमारे ६०० पटीने कमी होते, प्रोपेनचे साधारण २७० पटीने. सीएनजीमध्ये ते २०० ते २५० पटीने कमी होते, पण तिथे टाकीची भिंत जाड लागते. या भिंतीच्या वजनाकडे नंतर येऊ, कारण सीएनजीचे सगळे गणित तिथेच अडते.

एलपीजीपासून सुरुवात करू, कारण त्याच्या जहाजाचा छोटा नमुना प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्या सिलिंडरात पाणी मावते ३३.३ लिटर. द्रव भरूनही आत साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवलेला असतो. कारण एलपीजीचा द्रव तापल्यावर फार फुगतो. प्रोपेन १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेला की त्याचे आकारमान सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. पाण्याचे त्याच फरकात जेमतेम एक टक्का. टाकी द्रवाने काठोकाठ भरली आणि ऊन लागले तर दाबायला बाष्पच उरत नाही, आणि पोलाद फाटते.

हाच सिलिंडर हजारो घनमीटरचा करून जहाजात आडवा ठेवला की पूर्ण दाबाचे एलपीजी जहाज झाले. दोन किंवा अधिक लांबट दंडगोल टाक्या, सुरक्षा व्हॉल्व्ह साधारण १७.५ ते १८ बारला उघडणारे, इन्सुलेशन नाही, थंड करणारी यंत्रणा नाही. अशी जहाजे बहुतेक पाचएक हजार घनमीटरच्या आतली असतात. लहान बंदरे, बेटे, किनाऱ्यावरची छोटी टर्मिनले ही त्यांची जागा. भिंत जाड असल्यामुळे मोठे जहाज केले तर पोलादच वाहून नेल्यासारखे होते.

या जहाजांवर नवा अधिकारी हमखास चुकतो ते भरण्याच्या मर्यादेत. नियम '९८ टक्के' एवढाच डोक्यात असतो आणि तो टाकी ९८ टक्के भरायला निघतो. नियमातले ९८ टक्के हे संदर्भ तापमानाला आहेत, भरतानाच्या तापमानाला नाहीत. इन्सुलेशन नसलेल्या टाकीसाठी संदर्भ तापमान म्हणजे ज्या तापमानाला मालाचा बाष्पदाब सुरक्षा व्हॉल्व्हच्या दाबाइतका होतो ते. सूत्र सोपे आहे: भरण्याची मर्यादा म्हणजे ९८ गुणिले संदर्भ तापमानाची घनता, भागिले भरतानाची घनता. व्हॉल्व्ह १७.५ बारचा, माल प्रोपेन, भरताना तापमान १५ अंश असे धरू. संदर्भ तापमान ५३-५४ अंश येते, तिथली घनता घनमीटरला सुमारे ४४२ किलो. १५ अंशांना घनता सुमारे ५०८. उत्तर येते ८५ टक्के. म्हणजे ९८ पर्यंत भरणारा माणूस तेरा टक्के जादा भरतो आहे. मोठ्या थंड जहाजात व्हॉल्व्ह जेमतेम पाव बारला उघडतो, त्यामुळे संदर्भ तापमान आणि भरतानाचे तापमान जवळजवळ असतात आणि मर्यादा ९७ टक्क्यांच्या आसपास येते. सूत्र तेच, जहाज वेगळे म्हणून उत्तर वेगळे. हे गणित प्रत्येक भरणीपूर्वी कागदावर करायचे असते, अंदाजाने नाही.

मधला प्रकार अर्धशीत जहाजांचा. त्यांच्या टाक्याही दंडगोल, पण इन्सुलेशन असलेल्या, दाब पाच ते सात बारच्या घरात, आणि सोबत पुनर्द्रवीकरण यंत्रणा. साधी अर्धशीत जहाजे उणे ४८ अंशांपर्यंतचा माल घेतात. इथिलीनसाठी बांधलेली उणे १०४ पर्यंत. ही या धंद्यातली सर्वांत लवचीक जहाजे. थंड माल घेऊन वाटेत तो तापवून दाबाच्या टाकीत देणे किंवा उलट, दोन्ही त्यांना जमते. म्हणून रसायन उद्योगाचे प्रोपिलीन, ब्युटाडाइन असले माल यांच्यातूनच फिरतात.

भारतात आखातातून येणारा एलपीजी मात्र मुख्यतः मोठ्या, पूर्ण थंड जहाजांतून येतो. क्षमता साधारण ७८,००० ते ९३,००० घनमीटर. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२, नॉर्मल ब्युटेनचा उणे ०.५. माल उकळबिंदूलाच ठेवलेला असल्यामुळे टाकीत दाब जवळजवळ नसतो. म्हणून टाकी दंडगोल असायची गरज राहत नाही. जहाजाच्या पोटात नीट बसेल अशी चौकोनी, कडा उतरलेली टाकी चालते. नियमांच्या भाषेत ही 'टाइप ए' टाकी. पोलाद कमी तापमानाला न तडकणारे कार्बन-मँगनीज जातीचे, उणे ४८ किंवा उणे ५० पर्यंतचे.

टाइप ए टाकी तडकू शकते असे गृहीत धरूनच नियम लिहिले आहेत. म्हणून तिच्याभोवती पूर्ण दुसरा अडसर हवा. एलपीजी जहाजात हे काम जहाजाचे अंगच करते: टाकीभोवतीचा हुलचा भागही त्याच कमी तापमानाच्या पोलादाचा असतो, आणि मधली पोकळी कोरड्या इनर्ट गॅसने (ज्यात काही पेट घेऊ शकत नाही अशा वायूने) भरलेली. ही सोय उणे ५५ अंशांपर्यंतच्या मालालाच आहे. एलएनजी जहाजाला ती मिळत नाही. उणे १६२ सोसेल असे अख्खे जहाज कोणी बांधू शकणार नाही. पुढच्या सगळ्या फरकांत हा एक फरक खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे.

टाकी जहाजाला जोडलेली नसते, ठोकळ्यांवर बसवलेली असते. चाळीस मीटर लांबीची पोलादी टाकी ३० अंशांवरून उणे ४२ ला गेली की साडेतीन सेंटिमीटर आखडते. तिला सरकायला जागा दिली नाही तर वेल्डिंग फाटेल. आणि पोकळीत पाणी शिरले तर रिकामी टाकी तरंगून डेक फोडू नये म्हणून वरूनही ठोकळे असतात.

आता पुनर्द्रवीकरण. बाहेरची उष्णता आत येतच राहते, माल उकळतच राहतो, दाब वाढत राहतो. एलपीजी जहाजावर हे बाष्प कॉम्प्रेसरने ओढतात, दाब वाढवतात, समुद्राच्या पाण्याने थंड करतात, त्याचा द्रव होतो आणि तो टाकीत परत सोडतात. प्रोपेनला दाब वाढवण्याचे साधारण दोन टप्पे लागतात, ब्युटेनला बहुधा एकच पुरतो. समुद्राचे पाणी ३० अंशांचे असले तरी १२-१३ बारला प्रोपेन द्रव होतो, कारण क्रांतिक तापमान ९७ आहे. फ्रिजमध्ये गॅस भरतात ना, इथे माल स्वतःच तो गॅस आहे. मिथेनच्या बाबतीत हे अशक्य. समुद्राचे पाणी त्याच्यासाठी फारच गरम.

ही यंत्रणा बिघडते ती बहुतेक दोन कारणांनी. एक, व्यापारी प्रोपेनमध्ये इथेन जास्त असतो. त्याचे क्रांतिक तापमान फक्त ३२ अंश. उष्ण पाण्यात तो कंडेन्सरमध्ये द्रव व्हायला तयार नसतो, वर साचतो, कंडेन्सरचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो. टाकीत नायट्रोजन किंवा इनर्ट गॅस उरला असेल तरी हेच होते. उपाय म्हणजे न द्रवणारा वायू हळूहळू टाकीकडे किंवा ठरलेल्या मार्गाने काढणे आणि माल घेतानाच इथेनचे प्रमाण प्रमाणपत्रावर पाहून किनाऱ्याशी बोलणे. समुद्रात गेल्यावर तक्रार करून काही होत नाही. दुसरे कारण पाणी. मालातल्या थोड्या ओलाव्याचे प्रोपेनबरोबर हायड्रेट होतात, बर्फासारखे, आणि ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकतात. मिथेनॉल थोडे सोडून ते सुटतात. पण मालाच्या मालकाच्या परवानगीने आणि मोजून, कारण काही खरेदीदारांना मिथेनॉल चालत नाही.

ब्युटेनचे एक वेगळे दुखणे. उणे ५ पर्यंत थंड केलेल्या ब्युटेनचा बाष्पदाब वातावरणाच्या खाली जातो. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालू राहिला, किंवा पंप जोरात चालवताना किनाऱ्याकडून बाष्प परत येईना, तर टाकीत निर्वात होतो. टाइप ए टाकी बाहेरून दाबली जायला फारशी घट्ट नसते. शिवाय निर्वात झाला की हवा आत ओढली जाण्याची भीती. निर्वात-अलार्म वाजला तर आधी कॉम्प्रेसर आणि पंप थांबवायचे, मग कारण शोधायचे.

पंप सहसा डीपवेल. मोटार डेकवर, आणि तिथून टाकीच्या तळापर्यंत लांबच लांब शाफ्ट. बेअरिंगला वंगण मालाचेच. सुरू करण्यापूर्वी शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा. फिरत नसेल तर इम्पेलरला, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकाला, बर्फ धरला आहे. अशा वेळी मोटार लावून पाहणे म्हणजे शाफ्ट पिळणे. माल किनाऱ्यावरच्या दाबाच्या टाक्यांत द्यायचा असेल तर मध्ये बूस्टर पंप आणि समुद्राच्या पाण्याचा हीटर लागतो, कारण उणे ४२ चा प्रोपेन साध्या पोलादाच्या पाइपात जाऊ शकत नाही. विशाखापट्टणमला खडकातल्या गुहेत ६०,००० टन एलपीजी साठवतात. तिथेही माल शून्याच्या वर तापवूनच द्यावा लागतो, नाही तर खडकातले पाणी गोठेल. हीटरमध्ये येणारे पाणीच थंड असेल, समजा १० अंशांच्या खाली, तर ते नळ्यांत गोठून नळी फाटते. मग समुद्राच्या पाण्यात गॅस किंवा गॅसमध्ये पाणी. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न येत नाही, थंड देशांत हिवाळ्यात येतो.

एलएनजीचे जहाज म्हणजे एका अर्थी थर्मास. वातावरणाचा दाब, उणे १६२ अंश, घनता ४३० ते ४७० किलो. आज नवे जहाज बहुतेक १,७४,००० घनमीटरचे, चार टाक्यांचे असते. कतारची सर्वांत मोठी क्यू-मॅक्स जहाजे सुमारे २,६६,००० घनमीटरची.

टाक्यांची दोन मुख्य घराणी. नॉर्वेच्या मॉस पद्धतीत अ‍ॅल्युमिनियमचे चाळीस मीटर व्यासाचे गोळे. डेकवर अर्धे बाहेर दिसतात. थंड झाल्यावर असा गोळा चौदा-पंधरा सेंटिमीटर आखडतो, आणि तो विषुववृत्ताशी, म्हणजे गोळ्याच्या मध्यरेषेशी, एका उभ्या कड्यावर टेकलेला असल्यामुळे हे आखडणे पचवतो. दुसरी फ्रेंच मेंब्रेन पद्धत. तिथे टाकी अशी वेगळी नसतेच. जहाजाच्या आतल्या अंगाला इन्सुलेशन, आणि त्यावर पातळ धातूचा पत्रा: मार्क थ्री या प्रकारात १.२ मिलिमीटरचे सुरकुत्या पाडलेले स्टेनलेस पोलाद, एनओ९६ मध्ये ०.७ मिलिमीटरचे इन्वार, म्हणजे ३६ टक्के निकेलचे पोलाद, जे थंडीत जवळजवळ आखडतच नाही. मालाचे वजन पत्रा पेलत नाही, जहाज पेलते. पत्रा फक्त गळू देत नाही. दोन पडद्यांमधल्या पोकळीत नायट्रोजन फिरवत ठेवतात आणि त्यात मिथेन किती येतो ते सतत मोजतात. टाक्यांमधल्या कॉफरडॅमला (दोन टाक्यांमधल्या रिकाम्या कप्प्याला) ग्लायकॉलने तापवून साधारण ५ अंशांवर ठेवतात, नाही तर तिथले साधे पोलाद ठिसूळ होईल.

मेंब्रेनचे दुखणे म्हणजे हेलकावे. अर्धवट भरलेल्या टाकीत द्रव भिंतीवर आपटतो आणि पातळ पत्रा व त्यामागचे इन्सुलेशन चेपते. म्हणून समुद्रात असताना टाकी एक तर तळाशी (लांबीच्या १० टक्के उंचीच्या खाली) किंवा वर (उंचीच्या ७० टक्क्यांच्या वर) एवढीच भरलेली चालते. मधली पातळी निषिद्ध. गोळ्यांना ही अट नसते. आपल्याकडे दाभोळच्या टर्मिनलचा ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बंधारा) पूर्ण नसल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाज लावता येत नव्हते. त्यामागे दोर तुटण्याची आणि लोडिंग आर्म ओढले जाण्याची काळजी आहेच, पण अर्धे रिते झालेले मेंब्रेन जहाज घाईने धक्क्यावरून सोडावे लागले तर ते नेमके निषिद्ध पातळीत समुद्रात जाते, ही काळजी तितकीच मोठी आहे.

थर्मास कितीही चांगला असला तरी माल उकळतोच. जुन्या जहाजांत दिवसाला ०.१५ टक्के, नव्यांत ०.०८५ टक्के. १,७४,००० घनमीटरचे ०.०८५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे १४८ घनमीटर द्रव, वजनाने पासष्टएक टन. हे बाष्प परत द्रव करणे महाग, म्हणून ते इंजिनात जाळतात. पूर्वी बॉयलर आणि वाफेचे टर्बाइन होते, मग दुहेरी इंधनाचे डिझेल-इलेक्ट्रिक आले, आता दोन स्ट्रोकची गॅस इंजिने. त्यांतही दोन जाती: एकीत गॅस सुमारे ३०० बारने फवारतात, दुसरीत कमी दाबाने हवेबरोबर आत घेतात. कमी दाबाच्या इंजिनात थोडा मिथेन न जळताच धुराड्यातून निसटतो. हवामानाच्या हिशेबात ही गोष्ट किरकोळ नाही. जहाज हळू चालले तर बाष्प उरते, मग ते पुन्हा द्रव करणारा नायट्रोजन-चक्राचा संच चालवतात किंवा ज्वलन-कक्षात नुसतेच जाळतात. कतारमधल्या रास लफान ते गुजरातमधल्या दहेजसारख्या तीन-साडेतीन दिवसांच्या फेरीत हा प्रश्न सौम्य असतो. नांगरावर आठवडाभर थांबायची वेळ आली की तो रोज डोके वर काढतो.

मग एलपीजी जहाज स्वतःचे बाष्प का जाळत नव्हते? द्रवरूप वायू नेणाऱ्या जहाजांची आंतरराष्ट्रीय नियमावली म्हणजे आयजीसी संहिता. तिच्या जुन्या आवृत्तीने इंजिनखोलीत फक्त मिथेन नेऊ दिला होता, कारण तो हवेहून हलका आहे. गळला तर वर जातो आणि काढून टाकता येतो. प्रोपेन हवेच्या दीडपट, ब्युटेन दुप्पट जड. तो बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी, जाऊन बसतो. १ जुलै २०१६ पासून लागू झालेल्या सुधारित संहितेने अटींसह मार्ग मोकळा केला, आणि २०२० मध्ये बीडब्ल्यू जेमिनी या मोठ्या एलपीजी जहाजाची इंजिने एलपीजीवर चालण्याजोगी करण्यात आली. पण तिथेही इंजिनात जातो तो द्रव, टाकीतले बाष्प नाही.

एलएनजी जहाज ड्राय-डॉकमधून (दुरुस्तीच्या कोरड्या गोदीतून) बाहेर पडल्यावरचा क्रम नीट समजून घेण्यासारखा आहे. आधी कोरड्या हवेने टाकी वाळवायची. मग इनर्ट गॅसने ऑक्सिजन २ टक्क्यांच्या आत आणायचा. पण तेल जाळून केलेल्या या इनर्ट गॅसमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तो थंडीत गोठून बारीक पूड होतो. फवाऱ्याची तोंडे, पंपांच्या जाळ्या बुजतात. म्हणून थंड करण्यापूर्वी ऊबदार मिथेन बाष्पाने तो हुसकावून १ टक्क्याच्या खाली आणायचा. मग फवाऱ्याने हळूहळू थंड करायचे. मेंब्रेन टाकीचे सरासरी तापमान उणे १३० ला आले की भरणी सुरू. गोळ्याच्या टाकीला विषुववृत्ताशी उणे ११० ते ११५ पुरते, पण गोळा जाड असल्यामुळे तिथे वेळ जास्त लागतो. घाई केली तर वेल्डिंगला तडा. हा सगळा खटाटोप प्रत्येक फेरीला नको म्हणून माल रिता करताना थोडा एलएनजी मुद्दाम टाकीत ठेवतात, त्याला 'हील' म्हणतात. परतीच्या वाटेवर त्यातलाच थोडा फवारून टाकी थंड ठेवतात आणि इंजिनही चालवतात.

इनर्ट गॅस हुसकावून टाकीत गॅस भरण्याची दिशाही एलएनजी आणि एलपीजी या दोघांची उलटी. मिथेन इनर्ट गॅसहून हलका, म्हणून तो वरून सोडतात आणि इनर्ट गॅस तळातून बाहेर ढकलतात. प्रोपेन जड, म्हणून तो तळातून सोडतात आणि इनर्ट गॅस वरून जातो. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर पाठ करायची गरज नाही. कोण जड आहे एवढे आठवले की पुरे. प्रत्यक्षात दिशा चुकली तर दोन्ही वायू मिसळतात, दुप्पट गॅस वाया जातो आणि दिवस मोडतो.

पंपाची मोटार एलएनजीत चक्क द्रवात बुडवलेली असते. ऐकून धसका बसतो; पण आत ऑक्सिजन नाही, आणि एलएनजी वीजवाहक नाही, उलट मोटार थंड ठेवतो. तोटा असा की पंप बिघडला तर टाकी रिती करून गॅसमुक्त केल्याशिवाय हात लावता येत नाही. म्हणून प्रत्येक टाकीत दोन पंप, आणि वरून सोडता येईल अशा आणीबाणीच्या पंपासाठी वेगळी विहीर.

गळती झाली तर दोघांचे वागणे वेगळे. एलएनजी सांडला की पांढरा ढग दिसतो. तो मिथेन नव्हे, हवेतली गोठलेली आर्द्रता. उणे ११० अंशांच्या खाली असताना मिथेनही हवेहून जड असतो आणि जमिनीलगत सरकतो, तापला की वर उठतो. एलपीजी कधीच वर उठत नाही. गटारात, खोलगट जागेत, पायऱ्यांखाली जाऊन थांबतो. पेट घ्यायला मिथेनचे हवेत ५ टक्के लागतात, प्रोपेनचे सुमारे २. जहाजावरच्या गॅसला वासही नसतो. घरच्या सिलिंडरला येणारा वास किनाऱ्यावर मरकॅप्टन घालून दिलेला असतो. त्यामुळे नाकावर भरवसा नाही, डिटेक्टरवर. एलपीजीचे डिटेक्टर जमिनीजवळ, मिथेनचे छताजवळ. घरातही हाच नियम लागतो: सिलिंडर गळत असेल तर गॅस फरशीलगत, पाइपचा गॅस गळत असेल तर छताशी.

कुठलाही थंड माल साध्या पोलादावर सांडला की पोलाद काचेसारखे तडकते. म्हणून मॅनिफोल्डखाली (किनाऱ्याचे पाइप जोडतात त्या जागेखाली) स्टेनलेसचे ताट आणि एलएनजी भरताना जहाजाच्या कडेवरून पाण्याचा पडदा असतो. १९७९ मध्ये एल पासो पॉल केसर हे भरलेले एलएनजी जहाज जिब्राल्टरजवळ खडकावर चढले, तळ फाटला, तरी मेंब्रेन टाक्यांतून माल गळला नाही आणि तो दुसऱ्या जहाजात घेता आला. उलट १९७४ मध्ये टोकियोच्या उपसागरात युयो मारू क्रमांक १० या जहाजाच्या टकरीनंतर मोठी आग लागली. त्यात एलपीजीबरोबर बाजूच्या टाक्यांत नॅफ्था होता आणि आग त्या नॅफ्थाने धरली. गॅसच्या टाकीबाहेर काय ठेवता हेही महत्त्वाचे, ते असे.

आता सीएनजी. आधी एक गैरसमज. पुण्या-मुंबईच्या रिक्षांचा सीएनजी सीएनजी जहाजातून येत नाही. तो पाइपलाइनमधला नैसर्गिक वायू असतो, त्यातला काही भाग एलएनजी म्हणून जहाजाने आलेला आणि टर्मिनलवर पुन्हा वायू केलेला. पंपावर फक्त २०० बारला दाबतात.

सीएनजी जहाजाचे दुखणे मोटारीच्या सिलिंडरवरून कळते. साठ लिटरच्या पोलादी सिलिंडरात नऊ-दहा किलो गॅस मावतो आणि सिलिंडर स्वतः साधारण साठ किलोचा. एक किलो गॅसला सहा किलो पोलाद. २५० बारला एका घनमीटरात १९० ते २०० किलो मिथेन बसतो, एलएनजीत ४५०. म्हणजे निम्म्याहून कमी माल आणि वर हे वजन. मोठ्या महासागरी फेरीत हे कधीच परवडत नाही. मग उपयोग कुठे? वायू थोडा आणि अंतर काही शे सागरी मैलांचे असेल तिथे. द्रवीकरणाचा कारखाना उभारावा लागत नाही आणि द्रवीकरणात खर्च होणारा आठ-दहा टक्के वायू वाचतो. इंडोनेशियाचे जयंती बरुणा हे २०१६ मधले जगातले पहिले सीएनजी जहाज याच हिशेबाने बांधले गेले: जावातल्या ग्रेसिकहून लोम्बोक बेटावरच्या वीजकेंद्राला वायू. कॅनडातून आलेली कोसेल नावाची कल्पना आणखी वेगळी होती, सहा इंची पाइप सुमारे सोळा किलोमीटर लांबीचा, चकलीसारखा गुंडाळून त्यातच वायू भरायचा.

सीएनजी जहाजाला आयजीसी संहिता लागू होत नाही, कारण ती द्रवरूप वायूंसाठी आहे. इथे वर्गीकरण संस्थांचे, म्हणजे जहाजे तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांचे, स्वतंत्र नियम वापरतात. हाताळणीच्या अडचणीही वेगळ्या. दाबताना वायू तापतो. गरम वायूने दाब पूर्ण दिसला तरी थंड झाल्यावर तो उतरतो, म्हणजे माल कमी भरला गेला. रिते करताना उलटे: २०० बारवरून ४० बारवर उतरवताना वायू सहज पन्नासएक अंशांनी गार होतो, म्हणून हीटर लागतो आणि वायू कोरडा नसेल तर हायड्रेटने व्हॉल्व्ह बुजतात. दाब २० बारपर्यंत खाली आणला तरी आठ-नऊ टक्के वायू सिलिंडरातच राहतो. तो काढायला कॉम्प्रेसर हवा. आणि प्रत्येक फेरी म्हणजे पोलादाला एक पूर्ण दाबचक्र. थकव्याने पडणारी भेग शोधणे, ओल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड नाही ना हे पाहणे, ही तिथली रोजची काळजी आहे.

एकाचा माल दुसऱ्यात भरता येतो का, त्याचे उत्तर आता सोपे झाले. एलपीजी जहाजात एलएनजी कदापि नाही; उणे १६२ ला ते पोलाद पहिल्याच दिवशी तडकेल. एलएनजी जहाजात प्रोपेन थंडीच्या दृष्टीने चालेल, पण टाकीचा आधार साधारण ५०० किलो घनतेसाठी आखलेला असतो आणि थंड प्रोपेन ५८० चा. अर्धवट भरायचा तर हेलकावे, बाष्प जाळायचे तर इंजिन त्यासाठी नाही, द्रव करायचे तर तशी यंत्रणा नाही. एलपीजीची मोठी जहाजे अमोनियाही नेतात, कारण त्याचा उत्कलनबिंदू उणे ३३. मात्र तिथे कार्बन डायऑक्साइड असलेला इनर्ट गॅस वापरायचा नाही, कारण त्याची अमोनियाशी क्रिया होऊन घट्ट पांढरे कार्बामेट साचते. लहान एलएनजी जहाजे दाब सोसणाऱ्या टाइप सी टाक्यांची असतात, आणि त्यांतली काही इथिलीन व एलपीजीही नेतील अशीच आखलेली असतात. एलपीजी आणि एलएनजीला जवळ आणणारा असा हा एकच प्रकार.

किनाऱ्यावरून ओळखायचे असेल तर: डेकवर अर्धगोल घुमट दिसले तर मॉस एलएनजी. पुढून मागपर्यंत उंच, सलग, सपाट पेटीसारखी डेक असेल आणि मध्यावर पाच मोठे पाइप, चार द्रवाचे आणि मधला बाष्पाचा, तर मेंब्रेन एलएनजी. सपाट डेक, त्यावर पाइपांचे जाळे आणि मध्यभागी कॉम्प्रेसरची वेगळी खोली असेल तर मोठे थंड एलपीजी जहाज. डेकमधून दंडगोलांच्या पाठी वर आलेल्या दिसल्या तर लहान दाबाचे किंवा अर्धशीत.